मज्जासंस्थेत न्यूरॉन सोडून आणखी कोणत्या पेशी असतात? त्या खरंच काही काम करतात की नुसत्या आधाराला असतात?

तुमच्या प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की पुस्तकात न्यूरॉनला चार पानं आणि बाकीच्यांना चार ओळी, मग त्या बाकीच्या काय नुसत्या भरीला आहेत का. तक्रार रास्त आहे. मी सांगलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि कैक वर्षं मीही त्या चार ओळी तास संपायच्या घंटेबरोबर उरकत आले. मग घरातच एक आजारपण निघालं आणि त्या चार ओळींपायी आम्ही सगळे दीड महिना मिरजेच्या वाऱ्या करत होतो. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधी छोटं उत्तर. मज्जासंस्थेत दोन घराणी. एक चेतापेशी, म्हणजेच न्यूरॉन. दुसरं ग्लिया, ज्याला पाठ्यपुस्तकात चेताश्लेष्म असा जिभेला चिकटणारा शब्द आहे. चेतापेशी कामावरून तीन प्रकारच्या: संवेदी, प्रेरक, सहयोगी. ग्लियाचे मेंदू आणि मज्जारज्जूत चार मुख्य प्रकार, बाहेरच्या नसांत दोन. मार्क मिळवायला एवढं पुरतं.

पुढं जायच्या आधी 'नस' या शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडं रक्त काढताना सापडत नाही ती नस, रात्री पोटरीत गोळा आला की 'नसेवर नस चढली', आणि मुंग्या येतात तेव्हा दबलेलीही नसच. यातली पहिली रक्तवाहिनी, दुसरा निव्वळ स्नायूचा गोळा, आणि फक्त तिसरी खरी चेता. खाली मी नस म्हणेन ती ही तिसरी.

चेतापेशींचे तिन्ही प्रकार एकाच जागी बघायचे असतील तर डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात ते आठवा. टोला बसतो वाटीखालच्या स्नायुबंधावर. त्यानं मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. स्नायूत बसलेलं संवेदी पेशीचं टोक ती ताण ओळखतं आणि निरोप मज्जारज्जूत पोचवतं. तिथं तो थेट प्रेरक पेशीला मिळतो, ती मांडीच्या स्नायूला आवळायला लावते आणि पाय उडतो. याच वेळी मांडीमागचा स्नायू आवळून बसला तर पाय उडणार कसा? म्हणून संवेदी पेशीची एक फांदी मधल्या सहयोगी पेशीला निरोप देते आणि ती मागच्या स्नायूच्या प्रेरक पेशीला गप्प बसवते. मेंदूला विचारायला कुणी जात नाही, त्याला नंतर कळतं.

संवेदी पेशीचं शरीर, म्हणजे केंद्रक असलेला भाग, ना स्नायूत असतो ना मज्जारज्जूत. कण्याच्या दोन्ही बाजूंना, मणक्यांच्या फटींजवळ, छोट्या गाठी असतात आणि त्या गाठींत या पेशी दाटीनं बसलेल्या असतात. प्रत्येकीचा एक धागा बाहेर त्वचेकडं किंवा स्नायूकडं आणि दुसरा आत. पायाच्या अंगठ्यातला स्पर्श सांगणाऱ्या पेशीचा धागा अंगठ्यापासून निघतो तो मज्जारज्जूतून वर चढत थेट मेंदूच्या बुंध्यापर्यंत जातो. उंच माणसात ही एकच पेशी दीड मीटरहून लांब भरते.

या गाठी तुम्ही पाहिल्या नसतील, पण त्यांची करामत पाहिली असणार: नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही, तो या गाठींतल्या पेशींत दडून बसतो. पन्नाशी-साठीनंतर, प्रतिकारशक्ती ढिली पडली की एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि त्या गाठीच्या धाग्यांवरून त्वचेपर्यंत उतरतो. म्हणून नागिणीचे फोड अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे येतात. गावाकडं अजून म्हणतात की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. सहसा ते जुळतच नाही, कारण त्या गाठीची हद्द अंगाच्या मध्यरेषेवर संपते. माझ्या आजीनं बरगडीभोवती गेरूचा लेप लावून घेतला होता. लेपानं काही झालं नाही, पण लेप देणाऱ्यानं ओढलेली रेघ आणि संवेदी पेशीच्या इलाख्याची रेघ जवळजवळ एकच होती. (आता गेरू नको. फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत डॉक्टरकडं गेलात तर विषाणूवरच्या गोळ्यांचा खरा उपयोग होतो.)

प्रेरक पेशींचं शरीर मज्जारज्जूच्या पुढच्या भागात असतं. पोलिओचा विषाणू नेमक्या याच पेशी मारतो. आमच्या गल्लीतले शिंपीकाका डावा पाय हातानं उचलून मशीनच्या पायट्यावर ठेवायचे, पण त्या पायावर माशी बसली तरी त्यांना कळायचं, कारण संवेदी पेशी शाबूत होत्या. मेलेली प्रेरक पेशी परत येत नाही. मात्र शेजारच्या वाचलेल्या पेशी नव्या फांद्या फोडून पोरक्या झालेल्या स्नायुतंतूंपैकी काहींना पोटाशी धरतात, म्हणून पोलिओनंतर थोडी ताकद परत येताना दिसते. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. माझ्या वर्गातल्या मुलांनी असा पाय पाहिलेलाच नाही आणि आता हे उदाहरण त्यांना समजावून सांगावं लागतं.

सहयोगी पेशींवर फार रेंगाळत नाही. या दोघींच्या मधलं सगळं त्यांच्याकडं, आणि मेंदू बहुतांशी त्यांचाच. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, त्यातल्या सुमारे ६,९०० कोटी मागच्या बाजूच्या छोट्या मेंदूत, म्हणजे अनुमस्तिष्कात, आणि जो विचार करतो म्हणून आपण मिरवतो त्या वरच्या घड्यांच्या थरात जेमतेम १,६०० कोटी. तोल सांभाळायला एवढी माणसं का लागतात हा प्रश्न मुलं दरवर्षी विचारतात. दारू पिऊन चालणाऱ्याकडं बघा, एवढंच मी सांगते.

आता त्या चार ओळी.

माझे मामा मोटार रिवाइंडिंग करतात. उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी दुकानासमोर रांगेत पडलेल्या असतात. २०२३ च्या पावसाळ्यात त्यांना चार दिवस जुलाब झाले, थांबले. दोनेक आठवड्यांनी तळपायाला मुंग्या यायला लागल्या. पहिल्यांदा ज्यांना दाखवलं त्यांनी 'नसा आखडल्यात' म्हणून व्हिटॅमिनची इंजेक्शनं दिली. तिसऱ्या दिवशी मामांना जिना चढता येईना. चौथ्या दिवशी हातात पक्कड धरवेना. मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती गुडघ्यावर हातोडी मारायची. पाय हललाच नाही. उजवा नाही, डावा नाही. ढिम्म.

आजाराचं नाव गिलन-बारे सिंड्रोम. तेव्हा आमच्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात दूषित पाण्याच्या संशयावरून साथ पसरली, तेव्हा 'जीबीएस' हे नाव महाराष्ट्रात घरोघरी गेलं. होतं असं: जुलाबाच्या जंतूशी लढायला शरीरानं जी प्रतिद्रव्यं बनवलेली असतात, ती नसांवरच्या द्रव्यांना जंतूच समजतात आणि तिथं हल्ला चढवतात. मामांच्या बाबतीत मार बसला तो चेतापेशींना नव्हे, तर त्यांच्या धाग्यांभोवतीच्या श्वान पेशींना. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून हे नाव पडलंय, कुत्र्याशी संबंध नाही. दरवर्षी एक तरी मुलगा विचारतो.

श्वान पेशी ही ग्लिया. ती चेतापेशीच्या धाग्याचा मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी तुकडा धरते आणि त्याच्याभोवती स्वतःलाच गुंडाळत जाते, जाड धाग्यावर पार शंभर वेढ्यांपर्यंत. गुंडाळताना, टूथपेस्टची ट्यूब शेपटीकडून वळत आणावी तसा आतला रस पिळून बाहेर सारते. मागं उरतात ते चरबीचे थरावर थर. हेच मायलिन. एक श्वान पेशी, एका धाग्याचा एक तुकडा. कमरेपासून पावलापर्यंत जाणाऱ्या एका धाग्याला अशा हजारभर तरी लागतात. दोन तुकड्यांच्या मध्ये बारीकशी उघडी फट राहते, तिला रॅनव्हिएची गाठ म्हणतात.

मी पलंगाशेजारी बसून मामांना वर्गात सांगते तेच सांगितलं. नस म्हणजे वायर, मायलिन म्हणजे इन्शुलेशन, तुमचं इन्शुलेशन गेलंय म्हणून करंट हळू जातोय. मामांना बोलायलाही धाप लागत होती, तरी ते उखडले.

"काय बी सांगतीस व्हय पोरी? इन्शुलेशन गेलं तर वायंडिंग शॉर्ट हुतंय. जळतंय. करंट हळू जातोय असं कवा बघितलंस?"

चाळीस वर्षं तांब्याच्या तारेत घालवलेल्या माणसापुढं माझं चौदा वर्षांचं उदाहरण तिथंच जळालं. रात्रभर विचार केला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हैसाळ सांगितलं. म्हैसाळला कृष्णेचं पाणी उचलतात आणि जतपर्यंत नेतात, पण एका दमात नाही. पंपहाऊस, तिथून पाइप, पुढचा टप्पा, तिथं पुन्हा पंप, पुन्हा दाब. नसेत तसंच आहे. उघडी गाठ म्हणजे पंपहाऊस. तिथं धाग्याच्या भिंतीत सोडियमची दारं दाटीवाटीनं बसलेली असतात, ती उघडली की निरोपाला नवा जोर मिळतो. मायलिनखालचा तुकडा म्हणजे पाइप. तिथं नवा जोर मिळत नाही, पण गळतीही होत नाही, म्हणून जोर पुढच्या गाठीपर्यंत झटक्यात पोचतो. मायलिन गेलं म्हणजे पाइप फुटला. पुढच्या पंपापर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो, आणि गळती फारच झाली तर पोचतच नाही, पुढचे सगळे टप्पे कोरडे.

"आसं सांग की मग," मामा म्हणाले. "आणि ज्या नसंला पाइपच नाय?"

अशा नसाही असतात. त्या म्हणजे मातीचा पाट. पाणी जातं, पण इंचाइंचानं मुरत, सरकत. उंबऱ्याला अंगठा ठेचला की 'लागलं' हे लगेच कळतं आणि ठणका मागून येतो ना, तो या दोन तऱ्हांच्या नसांतला फरक. मायलिनवाल्या जाड धाग्यांत निरोप सेकंदाला १२० मीटरपर्यंत धावतो, म्हणजे ताशी ४०० किलोमीटरच्या वर. रेंगाळणाऱ्या ठणक्याचे उघडे धागे सेकंदाला एखादा मीटर, माणसाच्या चालण्याइतके. नसांचा वेग मोजायची चाचणी असते, तिला डॉक्टर एनसीव्ही म्हणतात. पायाच्या नसेत सेकंदाला चाळीस मीटरच्या वर असायला हवा तो वेग मामांच्या पायात जवळपास निम्म्यावर आला होता. त्यांनी तो कागद मोटारीच्या टेस्ट रिपोर्टसारखा दोनदा वाचला.

उपचारात पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन दिलं. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं एकत्र करून हे औषध बनतं. मामांच्या रक्तातल्या वाट चुकलेल्या प्रतिद्रव्यांना त्यानं आवर घातला. पण पाय परत आले ते औषधानं नव्हे. औषधानं नुकसान थांबवलं, नवे वेढे घातले श्वान पेशींनी. त्या पुन्हा विभागल्या, उघड्या पडलेल्या धाग्यांना चिकटल्या आणि गुंडाळायला लागल्या. महिनोन्‌महिने चाललं ते काम.

आता याच कामाची दुसरी पेशी बघा, म्हणजे 'नुसता आधार' हा शब्द का खटकतो ते कळेल. मेंदू आणि मज्जारज्जूत श्वान पेशी नसतात. तिथं मायलिन बनवते ऑलिगोडेंड्रोसाइट. ही अनेक हातांची. एकच पेशी चाळीस-पन्नास तुकड्यांना वेढे घालू शकते, म्हणजे ती मेली तर तेवढ्या सगळ्या जागी एकदम पाइप फुटणार. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते, तेव्हा हल्ला इथं होतो. शिवाय तिच्या मायलिनमध्ये अशी प्रथिनं असतात जी तुटलेल्या धाग्याला पुढं वाढूच देत नाहीत. ऊसतोडीत कोयता मनगटावर बसून नस तुटली आणि वेळेत शिवली, तर श्वान पेशी रांग धरून रिकामी वाट तयार ठेवतात आणि धागा त्या वाटेनं दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. बोटांत जाणीव यायला महिने लागतात, पण येते. तोच माणूस ट्रॉलीवरून पडून कण्यातला मज्जारज्जू तुटला तर धागा परत जुळत नाही. चेतापेशीचा धागा दोन्हीकडं तसाच, शेजारी मात्र वेगळे. हे एकमेव कारण नाही, पण मोठं कारण आहे.

मिरजेतला सगळ्यात मोठा तमाशा झाला पाठीतलं पाणी काढताना. मामी दारात आडव्या. 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा पांगळा होतो' ही आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. पण मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो आणि सुई त्याच्या बरीच खाली टोचतात. तिथं पाण्यात नुसत्या नसांचे मोकळे पदर असतात, घोड्याच्या शेपटीसारखे. ते पाणी बनवण्यात आणि हलतं ठेवण्यात ज्या पेशींचा हात आहे त्या एपेंडिमल पेशी, ग्लियाचा आणखी एक प्रकार. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांना त्यांचं अस्तर असतं आणि अंगावर हलणारे बारीक केस. एका वेळी हे पाणी दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतं आणि दिवसभरात पाचशेच्या आसपास नवं बनतं. चमचाभर काढलेलं कधीच भरून येतं. मामांच्या पाण्यात प्रथिनं वाढलेली होती आणि पांढऱ्या पेशी मात्र वाढलेल्या नव्हत्या. गिलन आणि बारे यांनी स्ट्रोल या सहकाऱ्याबरोबर १९१६ मध्ये दोन सैनिकांत हीच खूण नोंदवली होती. मामींना हे सगळं सांगून काही उपयोग झाला नाही. मामाच म्हणाले, "काढू द्या, ऑइल चेक करायलेत."

उरल्या दोन. तारकाकृती पेशी, म्हणजे अॅस्ट्रोसाइट, चेतापेशी वापरून टाकतात ती रसायनं उचलतात, बाहेर सांडलेलं पोटॅशियम आवरतात आणि आपली पावलं रक्तवाहिन्यांवर टेकवून रक्तातलं खाद्य पोचवायला मदत करतात. मेंदू आणि रक्त यांच्यामधला अडसर याच पेशींचा असतो असं खूप ठिकाणी लिहिलेलं आढळतं. खरी भिंत केशवाहिन्यांच्याच पेशींची. अॅस्ट्रोसाइट ती भिंत पक्की ठेवायला लावतात. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी पेंग येते कारण त्या ही भिंत ओलांडतात, नव्या बऱ्याचशा ओलांडत नाहीत. दुसऱ्या मायक्रोग्लिया. या मूळच्या इथल्या नव्हेतच. गर्भ अगदी लहान असताना, रक्तपेशींच्या घराण्यातून त्या मेंदूत शिरतात आणि इथल्याच होऊन जातात. जंतू आणि मेलेल्या पेशी खातात, पण वाढत्या मेंदूत न लागणारे जोडही छाटतात, द्राक्षबागेत छाटणी करतात तसे. छाटल्याशिवाय तासगावात घड धरत नाही, हे इथं कुणाला सांगायला नको.

बाहेरच्या नसांतला दुसरा प्रकार उपग्रह पेशी. वर सांगितलेल्या त्या कण्याजवळच्या गाठींत चेतापेशींना बिलगून असतात, त्यांच्याभोवतीचं वातावरण सांभाळतात.

मग यांची किंमत एवढी कमी का धरली गेली? थोडा दोष नावाचा. १८५६ मध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी चेतापेशींमधल्या भरावाला 'ग्लिया' म्हटलं, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ गोंद. नाव चिकटलं, अक्षरशः. थोडा दोष रंगांचा. १८७३ मध्ये इटलीच्या कॅमिलो गॉल्जी यांनी चांदीच्या क्षारांनी पेशी काळ्या करायची रीत काढली, ती शंभरातल्या मोजक्याच पेशींना पकडते पण शेंड्यापासून बुडख्यापर्यंत. तीच रीत वापरून स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी दाखवलं की प्रत्येक चेतापेशी सुटी असते. गॉल्जींना ते मरेपर्यंत पटलं नाही. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं आणि गॉल्जींनी आपलं भाषण काहाल यांचं म्हणणं खोडण्यात घालवलं. भांडण चेतापेशीवरून, त्यामुळं सगळं लक्ष तिच्याकडंच. मायक्रोग्लिया आणि ऑलिगोडेंड्रोसाइट नीट वेगळ्या ओळखल्या काहाल यांच्याच शिष्यानं, पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी, १९१९ ते १९२१ च्या दरम्यान.

एक जुना आकडा अजून फिरतो की ग्लिया चेतापेशींच्या दहापट असतात. २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हेर्कुलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचं अक्षरशः सूप करून त्यातली केंद्रकं मोजली, तेव्हा ग्लिया वगैरे इतर पेशी सुमारे ८,५०० कोटी निघाल्या, जवळपास बरोबरीच्या. तुमच्या पुस्तकात दहापट छापलं असेल तर पेन्सिलीनं खोडा.

मामा तीन महिन्यांनी काठीवर, सहा महिन्यांनी दुकानात. आठव्या महिन्यात त्यांनी जुन्या बुलेटला स्वतः किक मारली आणि मामींनी आत जाऊन देवापुढं साखर ठेवली. ताकद आली तरी गुडघ्याची उडी मात्र आली नव्हती. ती सगळ्यात उशिरा येते, कधी येतही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हापासून मामा गिऱ्हाईक नसलं की स्टुलावर बसून पाय लोंबता सोडतात आणि वायंडिंग ठोकायच्या नायलॉनच्या हातोडीनं वाटीखाली टिचकी मारून बघतात. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मला दुकानातून फोन आला. डावा उडाला होता. उजवा अजून नाही.